थॉर्नबरीची चौथी पायरी

दोन हजार सालच्या दसऱ्याला अंबडच्या त्या कारखान्यात प्रेस मशीनच्या जोडीने एका कॉम्प्युटरचीही पूजा झाली. झेंडूचा हार मॉनिटरवर ठरेना म्हणून तो सुतळीने बांधला, आणि कुणीतरी हळद-कुंकू थेट कीबोर्डवरच वाहिलं, त्यामुळे पुढे आठ दिवस त्याचं एक बटण दाबलं की चार अक्षरं उमटायची. इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. मग साहेबांनी पेढे वाटता वाटता जाहीर केलं की आता स्टोअर कॉम्प्युटरवर जाणार, स्टोअर इन्चार्ज अशी नवी जागा निघणार, आणि ज्याच्याकडे व्यवसाय व्यवस्थापनाचा डिप्लोमा असेल त्यालाच ती मिळणार. भिमाजी मौलेच्या हातातला पेढा हातातच राहिला.

अहो, राहणारच. अठरा वर्षं स्टोअर म्हणजे भिमाजी आणि भिमाजी म्हणजे स्टोअर. कुठल्या रॅकवर कुठलं बेअरिंग आणि कुठल्या खोक्यात किती वॉशर शिल्लक, हे तो डोळे मिटून सांगायचा. मशीनवरचा माणूस दारातूनच दोन बोटांनी माप दाखवायचा आणि भिमाजी नेमका तोच बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवायचा. मखमलाबादला भाजीपाला पिकवणाऱ्या मौल्यांच्या घरात खुरपं सोडून पेन धरलेला हा पहिलाच माणूस. त्याच्याच स्टोअरमध्ये उद्या दुसरं कुणी खुर्ची टाकून बसणार आणि याने त्याच्याकडे सहीला कागद न्यायचे? तो पेढा त्याने शेवटी वॉचमनला देऊन टाकला.

दुसरं कुणी म्हणजे कोण, हेही सगळ्यांना दिसत होतं. परचेसमध्ये प्रतिभा शेवाळे नावाची मुलगी होती. वय अठ्ठावीस, नोकरीला तीन वर्षं झालेली, सिडकोतून लुनावर यायची, आणि माल उशिरा पाठवणाऱ्याला फोनवर इतक्या गोड आवाजात दटावायची की तो माल पाठवून वर माफीही मागायचा. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी भिमाजी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाचा फॉर्म आणायला गेला, तर रांगेत पुढे हीच उभी. काका तुम्हीपण का, असं तिने मोठ्या प्रेमाने विचारलं. भिमाजी हसला, पण ते हसू दातांपुरतंच होतं. साहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी एका वाक्यात विषय मिटवला: दोघं पास झाले तर ज्याचे मार्क जास्त त्याला जागा, आणि एकच पास झाला तर प्रश्नच उरला नाही.

एका वर्षाचा अभ्यासक्रम, मराठीतून लिहायची सोय, एकूण सहा पेपर. पाच पेपर झाले तेव्हा दोघांच्या मार्कांत उन्नीस-बीसचा फरक होता. मग उरला शेवटचा, माहिती तंत्रज्ञान आणि व्यूहात्मक व्यवस्थापन. नाव वाचतानाच दम लागायचा. यातला पहिला अर्धा भाग कॉम्प्युटरचा, ज्याला भिमाजी अजून लांबूनच नमस्कार करायचा. आणि दुसरा अर्धा म्हणजे कंपनीने पुढच्या दहा वर्षांत काय करावं याचा, जे भिमाजीच्या मते कंपनीच्या मालकालाही माहीत नव्हतं.

आता दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणाऱ्यांचा एक रिवाज असायचा, तो सांगायला हवा. पुस्तक कुणीच पुरतं वाचायचं नाही. जोडी जमवायची, अभ्यासक्रम अर्धा-अर्धा वाटून घ्यायचा, आपल्या अर्ध्याच्या नोट्स काढायच्या आणि कॉलेजच्या फाटकासमोर सावळीरामच्या दुकानात झेरॉक्स करून अदलाबदल करायची. सावळीराम स्वतः सातवी नापास, पण त्याच्या टेबलाखालच्या खोक्यात निम्मं कॉलेज भरलेलं असायचं. चांगल्या नोट्स दिसल्या की दोन प्रती मागितल्या असताना तो तीन काढायचा. तिसरी कुठे जाते हे कुणी विचारत नसे, कारण प्रत्येकानेच कधी ना कधी त्या खोक्यातून काही ना काही घेतलेलं असे.

प्रतिभाने सुचवलं की माहिती तंत्रज्ञान ती घेते, व्यूहात्मक व्यवस्थापन काकांनी घ्यावं. अख्ख्या वर्गात त्रेचाळीस वर्षांच्या काकांशी जोडी करायला दुसरं कुणी तयार नव्हतं, त्यामुळे भिमाजी लगेच हो म्हणाला. घरी पोचेपर्यंत मात्र त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता.

पहिली तीन प्रकरणं त्याने डिक्शनरी मांडीवर घेऊन प्रामाणिकपणे काढली. मिशन आणि व्हिजन यांत फरक काय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, तरी दोन्ही वेगवेगळ्या पानांवर लिहून टाकलं. चौथ्या प्रकरणापाशी त्याच्या मनात पाप आलं. आपण घाम गाळून नोट्स काढणार, ही पोरगी त्या एकदा वाचणार, टपोऱ्या अक्षरात पेपरात उतरवणार आणि आपल्याच मेहनतीवर आपल्यापेक्षा दहा मार्क जास्त घेऊन आपल्याच स्टोअरची इन्चार्ज होणार. म्हणजे हातानेच सगळं नेऊन द्यायचं म्हणा की. त्यापेक्षा तिला द्यायच्या नोट्समध्ये एकच उत्तर चुकीचं गेलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? फार नाही, एकच. भिमाजीने स्वतःला हे तीन-चार वेळा सांगितलं आणि तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

तो मंगळवार होता आणि वर्गाला सुट्टी होती. पडवीत त्याची आई, सरुबाई, दुसऱ्या दिवशीच्या बुधवारच्या बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती. सरुबाईचं वय सत्तरीला टेकलं होतं, पण गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या बाजारातली आपली जागा तिने सोडलेली नव्हती. तिची विकायची तऱ्हा भिमाजीने लहानपणी येता-जाता बघितलेली. सगळा माल ओल्या गोणपाटाखाली, समोर फडक्यावर एकच जुडी. ती गेली की गोणपाटाखालून दुसरी. आजूबाजूच्या बाया ढीग मांडून ओरडायच्या आणि गिऱ्हाईक ढिगात हात घालून घासाघीस करायचं. सरुबाईपुढे आलेलं गिऱ्हाईक मात्र ती एकुलती एक जुडी बघून घाईघाईने उचलायचं. संपली का हो, असं कुणी विचारलं तर सरुबाई नुसती जुडीकडे बघायची. खोटं ती कधी बोलली नाही.

भिमाजीने आईकडे बघितलं, पेनाचं टोपण काढलं आणि पानाच्या वर लिहिलं: थॉर्नबरी यांचे शेवटच्या नगाचे धोरण. हे थॉर्नबरी कोण, तर त्यांच्या स्टोअरमागे एक जुनाट विलायती लेथ अजून चालायचा, त्याच्या पितळी पाटीवरचं ते नाव. पुढे मग त्याचा हात थांबेना. प्राध्यापक थॉर्नबरी यांचा जन्म स्कॉटलंडमध्ये, शिक्षण कष्टाने, मृत्यू अचानक. त्यांच्या धोरणाच्या पायऱ्या तीन. पहिली, उपलब्ध साठा हाताशी परंतु नजरेआड ठेवावा. दुसरी, एका वेळी एकच नग दर्शवावा. तिसरी, हा नग शेवटचा आहे असे ग्राहकास सांगू नये, त्यास तसे वाटू द्यावे. खाली एक आकृतीही काढली, चौकोनातून गोलाकडे जाणारे बाण असलेली. भिमाजीने ती आकृती दोनदा लांब धरून बघितली आणि त्याला आपलं फार कौतुक वाटलं.

नोट्सची अदलाबदल झाली. प्रतिभाने तिथेच उभ्या-उभ्या पानं चाळली, थॉर्नबरीच्या पानावर जरा थांबली, आणि आकृती छान काढलीय काका, असं म्हणून बॅगेत टाकली. तिची लुना दिसेनाशी होईपर्यंत भिमाजी तिथून हलला नाही.

पण पुढचं ऐका. आपण एकाला फसवलं की जगातला प्रत्येक जण आपल्यालाच फसवतोय असं वाटायला लागतं, तसं भिमाजीचं झालं. प्रतिभाच्या माहिती तंत्रज्ञानाच्या नोट्स म्हणजे आरसा होता, इतक्या नेटक्या. प्रत्येक ओळीत याला दगाफटका दिसायचा. हार्डवेअर म्हणजे हात लावता येतो ते, असं तिने लिहिलं होतं. याने कंपनीतल्या कॉम्प्युटरवाल्याला जाऊन विचारलं, ते बरोबर निघालं. असं त्याने एकोणीस ठिकाणी तपासलं, एकोणीस ठिकाणी ते बरोबर निघालं. शेवटी एका ओळीवर त्याचं बोट थांबलं: सुरक्षेसाठी पासवर्ड ठरावीक काळाने बदलत राहावा. भिमाजी मनातल्या मनात म्हणाला, सापडली. घराचं कुलूप काय कुणी दर महिन्याला बदलतं का? पोरीने इथेच खोडी करून ठेवलीय. त्याने ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, पासवर्ड कधीही बदलू नये.

परीक्षेच्या आठ दिवस आधी उजळणीचा तास होता. शिकवायला आहेर सर. सर दिवसा एका सरकारी कचेरीत असायचे आणि तिथली फाईल जशी येईल तशी पुढे सरकवायची सवय त्यांना वर्गातही होती. ते काय वाचून शिकवतात हे सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यांच्या हातातल्या कागदांवर कोपऱ्यात सावळीरामच्या झेरॉक्स मशीनमुळे उमटणारा काळा पट्टा असायचा. त्या दिवशी सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: थॉर्नबरी.

भिमाजी शेवटच्या बाकावर होता म्हणून बरं. सर अगदी रंगात आले होते. हे तुम्हाला पुस्तकात मिळणार नाही, म्हणाले, हे नवीन संशोधन आहे, आणि यावर प्रश्न येणार म्हणजे येणार. पेपर सरच काढायचे, तेव्हा त्यात शंका नव्हती. त्यांनी आकृती काढली, बाणांसकट. तिन्ही पायऱ्या सांगितल्या. वर्गातली चाळीस डोकी खाली वाकून आपल्या आईची कोथिंबीर उतरवून घेत आहेत हे बघून भिमाजीला घाम फुटला, आणि खरं सांगायचं तर त्या घामाखाली गुदगुल्याही होत होत्या. पुढच्या बाकावर प्रतिभा बसली होती. ती मान वर न करता लिहीत होती.

मग सर म्हणाले, ‘आता चौथी पायरी.’

भिमाजीचं पेन थांबलं. सर कागदात बघून सांगत होते: जो झाकण उचलून आत पाहील त्याच्याशी वाद घालू नये, त्यास आपल्या बाजूला बसवून घ्यावे. हीच या धोरणाची खरी किल्ली आहे, बाकीच्या तीन पायऱ्या कुणालाही सुचतील.

कुणालाही? भिमाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अरे, थॉर्नबरी माझा, लेथ माझ्या स्टोअरचा, आई माझी, आणि हा कोण लागून गेला चौथी पायरी चिकटवणारा? सरांनी स्वतःच्या मनाने घुसडलीय, दुसरं काय. लोकांच्या संशोधनात अशी भेसळ करायची म्हणजे काय रीत झाली. आपण स्वतः काय केलंय हे तो त्या क्षणी साफ विसरला होता. त्याने वही मिटली आणि चौथी पायरी लिहून घेतली नाही.

पेपरात प्रश्न आला. अनिवार्य, पंधरा मार्कांचा: थॉर्नबरी यांचे धोरण सोदाहरण स्पष्ट करा. भिमाजीने सहा पानं लिहिली. त्या विषयावर पृथ्वीच्या पाठीवर त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, मग हात कशाला आखडायचा? थॉर्नबरीच्या बालपणावरच त्याने एक पान खर्च केलं. आणि शेवटी ठळक अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलं: काही लोक यात चौथी पायरी जोडतात, ती निराधार आहे. पासवर्डवरचा प्रश्नही आला होता, पाच मार्कांचा. तिथे त्याने कधीही बदलू नये असं लिहून कुलपाचा दाखला दिला आणि मोठ्या खुशीत बाहेर पडला.

निकाल जूनमध्ये लागला. शेवटच्या पेपरात प्रतिभाला एकाहत्तर. भिमाजीला सदतीस, आणि पास व्हायला लागायचे चाळीस. सोमवारी साहेबांनी प्रतिभाचं अभिनंदन केलं, स्टोअरमध्ये नवीन टेबल आलं, आणि भिमाजीने स्वतःच्या हातांनी त्याच्यावरची धूळ पुसली. लोक हळहळले. कुणी म्हणालं, नशीब. संध्याकाळी भिमाजी बेअरिंगच्या रॅकमागे जाऊन उभा राहिला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. अठरा वर्षांची जागा तीन मार्कांनी गेली होती.

पण तीनच मार्क ना? पेपर पुन्हा तपासून मागायची सोय होती. दुसऱ्या दिवशी तो आहेर सरांना भेटला. सर भला माणूस, त्यांनी गठ्ठ्यातून त्याचा पेपर काढून समोर ठेवला. थॉर्नबरीला पंधरापैकी तीन. ‘निराधार’ या शब्दाखाली दोन लाल रेघा होत्या आणि समासात शेरा होता: विषयाची समज नाही, मूळ ग्रंथ वाचावा.

भिमाजीने तो शेरा दोनदा वाचला. मग तो म्हणाला, ‘सर, चौथी पायरी नाहीच आहे.’

‘तुम्हाला काय माहीत?’ सर म्हणाले.

आता इथे बघा कसा पेच पडला. खरं सांगितलं तर तीन मार्क कदाचित मिळाले असते. पण खरं म्हणजे काय? की थॉर्नबरी नावाचा माणूस जन्मालाच आला नाही, तो मी प्रतिभाला खड्ड्यात घालायला घडवला. म्हणजे सरांची अब्रू गेली, चाळीस जणांचा पेपर गेला, आणि साहेबांपुढे आपलं तोंड काळं झालं ते वेगळंच. मला आपलं तसं वाटलं, एवढंच भिमाजी पुटपुटला. सरांना त्याची कीव आली. उत्तर कसं लिहावं हे दाखवायला त्यांनी गठ्ठ्यातून पंधरापैकी चौदा मिळालेला एक पेपर काढला. तो प्रतिभाचा होता.

त्या टपोऱ्या अक्षरात चौथ्या पायरीखाली उदाहरण दिलेलं होतं. एका आठवडे बाजारात सत्तर वर्षांच्या एक विक्रेत्या हे धोरण वर्षानुवर्षं वापरतात. एकदा एका ग्राहक स्त्रीने त्यांचं ओलं गोणपाट उचलून आतला माल पाहिला. त्या विक्रेत्या भांडल्या नाहीत. त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि जुड्या बांधायला दिल्या. आता ती स्त्री दर आठवड्याला आणखी चार जणींना घेऊन तिथेच येते. भिमाजीने पेपर खाली ठेवला, सरांना नमस्कार केला आणि तो जिना उतरला.

बुधवारी कंपनी सुटल्यावर तो थेट गंगेवर गेला. बाजार भरात होता. सरुबाई तिच्या नेहमीच्या जागी बसली होती, समोर फडक्यावर एकच जुडी, आणि गोणपाटाच्या पलीकडे पदर खोचून, सुतळी दातात धरून स्टोअर इन्चार्ज प्रतिभा शेवाळे जुड्या बांधत होती. भिमाजीला बघून तिने सुतळी दातांतून काढली. ‘या काका,’ म्हणाली, ‘बसा.’

भिमाजी बसला नाही. त्याने एवढंच विचारलं, की तिला कधीपासून माहीत होतं.

‘पहिल्या दिवसापासून. थॉर्नबरीचे पट्टे मी तीन वर्षं मागवतेय काका. तो लेथ आहे.’

मग तिने सगळं सांगितलं, हात न थांबवता. आधी तिला भयंकर राग आला होता. साहेबांकडे जायचं ठरवलंही होतं. पण लेथचा कसा का असेना, सिद्धान्त तिला आवडला, आणि वाचता वाचता आठवलं की असं विकणारी एक म्हातारी आपण बुधवारी बघितली आहे. वर्गाला जाताना वाट वाकडी करून ती इथे आली आणि खातरी करायला तिने सरळ गोणपाटच उचललं. सरुबाईने तिला शेजारी बसवलं. बोलता बोलता आडनाव कळलं, मुलगा अंबडला स्टोअरमध्ये आहे हेही कळलं, आणि मग कोडं उरलंच नाही. तिने सरुबाईकडून बाकीचं समजून घेतलं, चार पायऱ्यांचा थॉर्नबरी सुवाच्य अक्षरात लिहून काढला आणि सावळीरामला दोन प्रती काढायला दिल्या. तिसरी तो काढणार आणि ती आहेर सरांकडे जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. असलं खोटं पान पेपरात लिहायचं तर आधी ते सरांनी फळ्यावर लिहिलेलं बरं, असा तिचा हिशेब होता.

‘पण तुम्ही नापास व्हाल असं नव्हतं वाटलं मला,’ ती म्हणाली. ‘चौथी पायरी सरांनी वर्गात सांगितली होती की. तुम्ही लिहिली का नाही?’

‘मला वाटलं ती खोटी आहे,’ भिमाजी म्हणाला.

प्रतिभाने हसू दाबायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. सरुबाईला या सगळ्यातलं परीक्षेचं फारसं कळलं नव्हतं, पण आपल्या लेकाने काहीतरी वेडेपणा केलाय एवढं कळलं होतं. तिने एक जुडी विकली, गोणपाटाखालून दुसरी काढून फडक्यावर ठेवली आणि त्याच्याकडे न बघताच बोलली.

‘हिनं इचारलं म्हनून म्या सांगितलं. तू माझ्याच घरात लहानाचा मोठा झाला भिमा. येक दिस तरी बसला का हितं? इचारलं का कधी, आई, तू काय करती म्हनून?’

भिमाजीला लाज वाटली. उगाच म्हणायची नव्हे, खरीखुरी, कानाच्या पाळ्या तापवणारी. आईचं त्याने तीन-चतुर्थांशच बघितलं होतं, तेही येता-जाता, आणि तेवढ्याच भांडवलावर दुसऱ्याला बुडवायला निघाला होता. मी मुद्दाम केलं होतं प्रतिभाताई, असं तो म्हणाला. माहीत आहे, असं ती म्हणाली, आणि साहेबांना यातलं काही कळणार नाही असंही म्हणाली. पासवर्ड मात्र खरंच बदलायचा असतो, काका, तेवढं लक्षात ठेवा. ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा होती. तोवर कॉम्प्युटर ती शिकवणार, आणि त्याच्या बदल्यात भिमाजीने तिला स्टोअर शिकवायचं, कारण गेल्या तीन दिवसांत तिला त्या रॅकवर एक बोल्ट धड सापडलेला नव्हता आणि हे तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पुढे कंपनी वाढली की स्टोअर दोन होतीलच, ती म्हणाली. भिमाजीने मान हलवली.

सरुबाईने सरकून जागा केली. ‘बस आता. शीक जरा.’ ती तोंड धुवायला नळावर गेली आणि भिमाजी त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा आईच्या जागेवर मांडी घालून बसला. समोर फडक्यावर एक जुडी. शेजारी गोणपाट.

तेवढ्यात पिशवी घेतलेली एक बाई थांबली, जुडीकडे बघितलं आणि विचारलं, एवढीच राहिली का हो?

आता अठरा वर्षं ज्याने स्टोअर सांभाळलं त्याला शिल्लक विचारल्यावर दुसरं काय सुचणार? ‘नाही नाही,’ भिमाजी तत्परतेने म्हणाला, ‘आत एकोणचाळीस आहेत,’ आणि त्याने गोणपाट पूर्ण उलगडून दाखवलं. बाई निवांत खाली बसली आणि एकेक जुडी उलटीपालटी करून निवडायला लागली. तिचं बघून आणखी दोघी बसल्या.

सरुबाई पदराला हात पुसत परत आली, तर तिच्या जागेवर ढीग लागलेला आणि तिघी बायका भाव पाडून मागत होत्या. मग प्रतिभाकडे वळून म्हणाली, ‘बाई, ह्याला आक्टोबरात बी बसवू नको.’